कवला कसा ओळखावा: फुलाच्या पुढून नव्हे, मागून

ऑगस्ट संपत आला की पठारांवरून परतलेल्या मंडळींचे फोटो यायला लागतात. पिवळं फूल, वरच्या पाकळीच्या बुडाशी दोन लाल ठिपके, फूल थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून. खाली प्रश्न ठरलेला: "हा मिकी माऊसच ना?" (पर्यटकांनी कवल्याच्या एका जातीला दिलेलं हे नाव.) अशा फोटोवरून फार तर इतकंच सांगता येतं की हा बहुधा कवला आहे. कोणता कवला, ते नाही. ओळख पटवणाऱ्या खुणा फुलाच्या मागे असतात, पानाच्या बुडाशी असतात आणि वाळलेल्या फुलाच्या आत दडलेल्या असतात. फोटोत त्यातलं काहीच आलेलं नसतं.

कवला हे एका झाडाचं नाव नाही. वाटाणा, मूग, तूर ज्या कुळातले, त्याच कुळातल्या स्मिथिया या वंशातल्या बऱ्याच जातींना लोक सरसकट कवला किंवा कवळा म्हणतात. सह्याद्रीच्या पठारांवर, कोकणातल्या कातळसड्यांवर, भातखाचरांच्या बांधांवर त्या भेटतात, आणि एकाच पठारावर दोन-तीन जाती शेजारी-शेजारी फुललेल्या असतात. म्हणून काम दोन पायऱ्यांत करायचं. आधी हा नक्की स्मिथिया आहे का ते ठरवायचं, मगच जातीकडे वळायचं. पहिली पायरी गाळली की दुसरी हमखास चुकते.

तयारी: काय न्यावं, कधी जावं

१० पट मोठं दाखवणारं भिंग हवंच. सोनार वापरतात ते घडीचं भिंग उत्तम. त्याशिवाय मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, शिवणाची सुई, तळहाताएवढा काळा किंवा राखाडी पुठ्ठा, वही आणि शिसपेन्सिल घ्या. पावसात पेनाची शाई पसरते, शिसपेन्सिल टिकते. छत्री तर पठारावर लागतेच; फोटो काढताना सावली धरायलाही तीच कामी येते.

जायची वेळ सकाळची ठेवा. संध्याकाळ झाली की कवल्याची पानं मिटतात. मिटलेल्या पानावर पर्णिका, म्हणजे एका पानाचे छोटे छोटे सुटे भाग, मोजणं अवघड, आणि पानाचा आकार तर कळतच नाही. आभाळ फार दाटून आलं असेल तर थोडं थांबा.

हंगामाबद्दल माझं मत ठाम आहे. फुलांच्या गालिच्यासाठी लोक सप्टेंबरच्या सुरुवातीला गर्दी करतात; ओळख पटवायला सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात बरी. तेव्हा एकाच झुडपावर कळी, फूल आणि शेंग तिन्ही मिळतात. शेंग मिळाली की निम्मी शंका मिटते.

सावधान: कास पठारासारख्या राखीव जागी फूल तोडायला आणि फुलांत शिरायला मनाई आहे. तिथे फक्त भिंग आणि कॅमेरा. फूल उघडून पाहायचं असेल तर रस्त्याकडेचं किंवा शेताच्या बांधावरचं झाड निवडा, मालकाला विचारा, आणि जिथे शंभर झाडं आहेत तिथलंच एक फूल घ्या.

टप्पा १: हात लावण्याआधी वहीत चार ओळी

झाड जमिनीला टेकून पसरलंय की उभं आहे? उंची किती, घोट्याइतकी, गुडघ्याइतकी, की कमरेइतकी? जमीन कसली: उघडा जांभा, कातळाच्या खळग्यातली पातळ माती, पाणी साचलेलं खाचर, की जंगलाची कड? खोडावर केस आहेत का, आणि असल्यास मऊ की टोचणारे?

या ओळी क्षुल्लक वाटतात म्हणून लोक लिहीत नाहीत. घरी आल्यावर मात्र फोटोवरून झाडाची उंची कोणालाच आठवत नाही, आणि जाती वेगळ्या करताना तीच पहिली विचारली जाते.

टप्पा २: फुलाची घडण वाटाण्याची आहे का

वाटाण्याचं किंवा पावट्याचं फूल आठवा. एक मोठी पाकळी मागे ताठ उभी, तिला पताका म्हणतात. दोन बाजूला दोन पंख. खाली मध्ये दोन पाकळ्या कडेला जुळून होडीसारख्या झालेल्या. पुंकेसर आणि बीजकोश त्या होडीच्या पोटात असतात. कवल्याचं फूल अगदी या घडणीचं, साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास.

इथे दोन झाडं नेहमी फसवतात. चमेक्रिस्टा मिमोसॉयडिस ही टाकळ्याच्या नात्यातली छोटी वनस्पती त्याच गवतात असते, फूल पिवळं आणि पानही बारीक पर्णिकांचं. पण तिच्या पाचही पाकळ्या सुट्या आणि जवळपास सारख्या पसरलेल्या असतात. पताका नाही, होडी नाही. पानाच्या देठावर एक बारीक ग्रंथीही दिसते. दुसरी लाजरी (लाजाळू नव्हे, ती वेगळी). हिचीही पानं स्पर्शाने मिटतात आणि फूल पिवळं असतं, म्हणून गोंधळ होतो. हिच्या पानांचा मात्र एकाच ठिकाणी, ताडाच्या शेंड्यासारखा झुबका असतो आणि पाकळ्या पाच सारख्या. ही या कुळातलीच नाही.

तपासा: पताका, दोन पंख, एक होडी. तिन्ही दिसले तरच पुढे चला.

टप्पा ३: पान मोजा, पण नीट

कवल्याचं पान पिसासारखं: मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या जोड्या. शेवटी एकटी पर्णिका नसते. दांडी एका बारीक, केसासारख्या टोकात संपते. पर्णिकांची संख्या म्हणून नेहमी सम येते. पर्णिकांच्या कडांना किंवा मागच्या शिरेवर राठ केस असतात, ते भिंगातून पाहा.

मोजताना एकाच पानावर विसंबू नका. सगळ्यात खालची पानं अर्धी गळलेली असतात आणि शेंड्याची अजून उलगडलेली नसतात. खोडाच्या मधल्या भागातली पाच पानं घ्या आणि पाचही आकडे लिहा. "६, ८, ८, ८, १०" ही नोंद कामाची आहे. "साधारण ८" ही नाही.

पानांवरूनच काही सोबती बाजूला काढता येतात. झोर्नियाला दोनच पर्णिका, आणि फुलं पानासारख्या दोन हिरव्या छदांमध्ये (फुलाच्या बुडाशी येणाऱ्या पात्यांमध्ये) चिमटलेली. गेइसास्पिसला पर्णिका चार, पण मोठी गोलसर छदं कौलांसारखी एकावर एक चढलेली असतात, फूल त्यांच्या आडून जेमतेम डोकावतं. खुळखुळ्याला एक सलग पान किंवा तीन पर्णिका, पिसासारखं पान कधीच नाही. शिवाय त्याची फुगीर वाळलेली शेंग हलवली की वाजते.

एक चूक फार पसरलेली आहे: पानाला बोट लावून पाहायचं, मिटलं की कवला म्हणायचं. मिटणारी पानं या कुळात बऱ्याच झाडांना असतात, आणि लाजाळूच्या मानाने कवला फार सावकाश मिटतो. बोट लावून झटपट निकाल लागत नाही, उलट मोजायचं पान हातचं जातं.

टप्पा ४: पानाच्या बुडाशी उपपर्ण

पान जिथे खोडाला जुळतं तिथे दोन छोटी कागदी पातळ पाती असतात. ही उपपर्णं. कवल्यात ती बुडाशी चिकटलेली नसतात. चिकटण्याची जागा जरा वर असते आणि पातीचा एक भाग त्या जागेच्या खाली शेपटासारखा उतरतो. सुईच्या टोकाने हलकेच वर केलं की लगेच कळतं.

सोपी, भरवशाची खूण. भिंग असेल तर दहा सेकंदांचं काम.

टप्पा ५: निदलपुंज. इथे वेळ द्या

पाकळ्यांच्या मागचा पेला, शाळेच्या पुस्तकातला निदलपुंज, हा या सगळ्या ओळखीचा कणा आहे. लोक नेमका तोच पाहत नाहीत, कारण समोरून तो दिसत नाही. फूल हलकेच कलतं करा किंवा स्वतः जमिनीलगत वाकून बाजूने पाहा.

पहिली गोष्ट: पेल्याचे दोन ओठ. पाच सुटे दात नसतात, तर वर एक आणि खाली एक असे दोन मोठे भाग असतात, अर्धवट उघडलेल्या शिंपल्यासारखे. पेल्याच्या बुडाशी दोन इवली छदकं चिकटलेली असतात, ती फूल गळल्यावरही तशीच राहतात.

दुसरी गोष्ट: शिरा. जातींचे दोन मोठे गट इथे पडतात. काही कवल्यांच्या ओठांवर शिरा बुडापासून टोकाकडे एकमेकींना समांतर, दाट दाट जातात, भाताच्या पातीवरच्या रेघांसारख्या. बाकीच्यांत शिरा एकमेकींना जुळत जाळी करतात. लहानपणी वहीत ठेवलेलं पिंपळपान कुजून जाळी उरते ना, तशी.

ही जाळी ताज्या, हिरव्या कळीवर शोधू नका; फसाल. तीन-चार दिवसांपूर्वी पाकळ्या गळलेलं फूल निवडा. त्याचा पेला पातळ, कागदी झालेला असतो. तो झाडावरच ठेवा, मागे आभाळ येईल असं डोकं खाली न्या आणि उजेडाच्या दिशेने भिंगातून पाहा. पहिल्यांदा मला एका पठारावर हे दिसलं तेव्हा ओठांवर धुक्याचं पाणी साचलं होतं आणि त्या थेंबात शिरा आणखी मोठ्या दिसत होत्या. मी अर्धा तास दुसरं काही पाहिलं नाही. त्याआधीची कितीतरी झाडं मी फक्त ठिपके पाहून नोंदवली होती. त्या नोंदी नंतर खोडाव्या लागल्या, कारण ठिपक्यांखेरीज त्यांत काहीच नव्हतं.

तिसरी गोष्ट केस. पेला गुळगुळीत आहे, तुरळक राठ केसांचा आहे, की लांब केसांनी भरलेला? दाट केस असतील तर शिरा केसांच्या मधून पाहाव्या लागतात. एकाच ओठावर निकाल देऊ नका, दोन्ही पाहा. वाळताना पडलेली चुणी ही शीर नव्हे. चुणी दुसऱ्या फुलावर त्याच जागी सापडत नाही, शीर सापडते.

तपासा: तीन वेगवेगळ्या फुलांवर शिरांची तीच रचना दिसली का? दिसली तरच वहीत "समांतर" किंवा "जाळी" लिहा. अर्धवट दिसली तर "अस्पष्ट" लिहा, अंदाज नको.

टप्पा ६: शेंग, जी बाहेरून दिसतच नाही

"शेंग आलीच नव्हती" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. बहुतेकदा ती आलेली असते. कवल्याची शेंग निदलपुंजाच्या आतच राहते, म्हणून वाळलेल्या पेल्यासारखं जे दिसतं त्यातच ती असते.

बांधावरच्या झाडाचा एक वाळका पेला तळहातावर घ्या. वरचा ओठ सुईने मागे करा. आत चपट्या, गोलसर मण्यांची चळत दिसेल. सुई शेवटच्या मण्याखाली घालून सावकाश ओढा, म्हणजे ती बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी उलगडते: मण्याला मणी जोडलेली एक साखळी, पेल्यात घडी घालून ठेवलेली. प्रत्येक मण्यात एक बी. मण्यांच्या पाठीवर बारीक खरखरीत उंचवटे असू शकतात, तेही पाहा. आणि मणी मोजा.

वंशाचा निकाल इथे लागतो. पाणथळ खाचरांत वाढणारी एस्किनोमेनी इंडिका पानांनी कवल्याची मोठी बहीण वाटते: पिवळी फुलं, मिटणारी पानं, खाली शेपूट असलेली उपपर्णंसुद्धा. दहा पुंकेसर पाच-पाचच्या दोन जुड्यांत असणं हेही दोघींत सारखं. पण तिच्या पर्णिका खूप जास्त आणि बारीक असतात, आणि मण्यामण्यांची शेंग सरळ, लांब, पेल्याच्या पार बाहेर आलेली असते. घडी घालून आत ठेवलेली शेंग म्हणजे स्मिथिया. बाहेर लोंबणारी म्हणजे नाही.

पुंकेसरांचं थोडक्यात: फूल उघडायची मुभा असेल तर होडी फाडून पाहा. पाच-पाचच्या दोन जुड्या असतील तर बरोबर. मूग-वाटाण्यात नऊ एकत्र आणि एक सुटा असतो, खुळखुळ्यात दहाही एकाच नळीत. जुन्या फुलांतच हा फरक स्पष्ट दिसतो. कोवळ्या फुलात जुड्या अजून पुरत्या फाटलेल्या नसतात.

टप्पा ७: आता जात, आणि आता रंग

इथवर सगळं जुळलं तर वंश पक्का. आता वहीतल्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवा.

फूल जांभळं आणि पताकेवर पांढऱ्या खुणा असतील तर ती स्मिथिया पर्प्युरिया. पठारांवरच्या कवल्यांत ही सगळ्यांत सोपी, पिवळ्या फुलांच्या गर्दीत लांबूनच वेगळी दिसते.

फूल पिवळं, निदलपुंजाच्या शिरा समांतर, झाड ओलसर जागी पसरलेलं, तर स्मिथिया सेन्सिटिव्हाच्या गटाकडे पाहा. हिचा सगळ्यांत जवळचा सोबती म्हणजे स्मिथिया कॉन्फर्टा, तिच्याही शिरा समांतर. या दोघी फोटोवरून वेगळ्या करायच्या फंदात पडू नका.

शिरा जाळीदार आणि पर्णिकांच्या दोनच जोड्या, त्याही दांडीच्या टोकाशी जवळजवळ, तर स्मिथिया बायजेमिना तपासा. तिचं नावच दोन जोड्या सांगतं. गेइसास्पिसलाही पर्णिका चारच, म्हणून कौलांसारखी छदं नाहीत याची खात्री करूनच हे नाव लिहा.

शिरा जाळीदार, जोड्या जास्त, खोड आणि पेला दोन्ही लांब केसांनी भरलेले, पताकेवर दोन लाल ठिपके: ही स्मिथिया हिर्सुटा, जिला पर्यटक मिकी माऊस म्हणतात. तसंच दिसणारं पण उंच, जाड आणि टोचऱ्या केसांच्या खोडाचं झाड महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळा सरताना दिसलं तर स्मिथिया सेट्युलोसाचा विचार करा.

आता ठिपक्यांचं स्पष्ट सांगतो. लाल ठिपके ही एकाच जातीची मक्तेदारी नाही, शिवाय ऊन-पावसात रंग फिका होतो. ठिपके दिसले म्हणजे हिर्सुटा, हा सगळ्यांत जास्त केला जाणारा आणि सगळ्यांत कमी तपासला जाणारा निष्कर्ष आहे. रंग शेवटच्या टप्प्यात ठेवलाय तो याचसाठी. त्याने आधीच्या खुणांना दुजोरा द्यावा, निकाल देऊ नये.

सावधान: ठाणे, पालघर, रायगडकडच्या बाजारात पावसाळ्यात आदिवासी बायका कवळ्याच्या कोवळ्या जुड्या विकतात आणि ती भाजी चवीची असते. पण ती फूल येण्याआधीची पानं असतात, आणि वर्षानुवर्षं तीच झाडं खुडणाऱ्या हातांनी ओळखलेली असतात. हा लेख वाचून स्वतः खुडून खाऊ नका. इथल्या बहुतेक खुणा फुला-शेंगांच्या आहेत, कोवळ्या पाल्यात त्या नसतात.

टप्पा ८: फोटो या क्रमाने

एकाच झाडाचे सात फोटो पुरेत: पूर्ण झाड जमिनीसह, खोडाचा मधला भाग, एक पूर्ण पान पट्टीशेजारी, उपपर्ण, फूल समोरून, फूल बाजूने पेल्यासह, वाळलेला पेला. तोडायची परवानगी असेल तर आठवा फोटो उलगडलेल्या शेंगेचा.

पिवळं फूल मोबाइलमध्ये हमखास पांढरट जळून जातं आणि ठिपके पुसले जातात. छत्रीची सावली धरा, फुलामागे राखाडी पुठ्ठा ठेवा आणि पडद्यावर उजेड थोडा खाली ओढा. दोन झाडांचे फोटो मिसळू नयेत म्हणून प्रत्येक झाडाच्या सुरुवातीला वहीच्या पानाचा एक फोटो घ्या, त्यावर झाडाचा क्रमांक, तारीख आणि जागा. मिसळलेले फोटो नंतर कोणीही सोडवू शकत नाही: पान एका जातीचं, फूल दुसऱ्या, आणि ओळख तिसरीच.

ओळखीसाठी ॲपची मदत घ्यायला हरकत नाही, पण त्याला फुलाचा एकच फोटो देऊ नका. सातही द्या आणि ते जे नाव सुचवेल ते तुमच्या वहीतल्या शिरा, जोड्या आणि केसांच्या नोंदीशी ताडून पाहा. जुन्या ग्रंथांत हे कुळ लेग्युमिनोसी म्हणून सापडेल, नव्यांत फॅबेसी; दोन्ही नावं ग्राह्य आहेत, गोंधळून जाऊ नका.

नाव पक्कं नसेल तर नोंद अशी ठेवा: "स्मिथिया, जात अनिश्चित. पिवळं फूल, शिरा जाळीदार, पर्णिका ६ ते १०, पेला केसाळ, शेंग पाहिलेली नाही. जांभ्याचा सडा." मग तीच जागा लक्षात ठेवा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुई घेऊन पुन्हा जा, तोवर पेले वाळलेले असतात.